तू नुसतं ‘बरं’ म्हणालास

९ जून

दादा,

माझं अक्षर पाहून तू पत्र न उघडताच टाकून देशील, म्हणून पाकिटावरचा पत्ता तुझ्या लेकीकडून लिहून घेतलाय. लबाडी आहे, मान्य. पण फोन तू उचलत नाहीस, मग मी दुसरं काय करू?

दोनच गोष्टी विचारायच्या आहेत. जुलैतली रजा पक्की झाली का? आणि तब्येत कशी आहे? ‘ठीक’ म्हणून वाटेला लावू नकोस. भूक, वजन, झोप, खोकला, सगळं लिही. का विचारते ते विचारू नकोस. मी कालपासून हादरलेली आहे. चहात साखर समजून मीठ घातलं आणि अर्धा कप प्यायल्यावर कळलं, एवढी हादरलेली.

वहिनी ठणठणीत आहे. कालच भेटली.

तू माझ्याशी बोलणं टाकलंस ते या नोकरीवरून. घरातल्या बाईनं चारचौघींत उभं राहून असल्या वस्तू दाखवायच्या, उद्या गोदीतल्या लोकांना कळलं तर मी क्रेनवरून खाली कसा उतरू, असं म्हणाला होतास. तेव्हा मी रागानं गप्प बसले. आज सांगते, मी नेमकं काय करते ते.

आमचं केंद्र चपलांच्या दुकानावर, दोन खोल्यांचं. बाहेरच्या खोलीत बाकं, आत पडदा, पडद्यामागे डॉक्टरीणबाईंचं टेबल आणि खिडकीपाशी माझं. मी बायकांना बायकांसाठीचा कंडोम दाखवते. मऊ, लांबट पिशवी असते, दोन्ही टोकांना कडी. बंद टोकाची कडी चिमटीत दाबून आत सरकवायची, उघड्या टोकाची बाहेर राहते. पुरुषानं काही घालायचं नाही. बाईनं आधीच, आपल्या आपण, मोरीत उभी राहून बसवून यायचं.

वहिनीच्या शिलाई कारखान्यात जेवणाच्या सुट्टीत मी हे पहिल्यांदा दाखवलं तेव्हा डबे उघडे राहिले आणि कोणी घास घेईना. मग काजं करणारी जी जाडी बाई आहे ती म्हणाली, ‘अगं बाई, हे झबलं कुठल्या बाळाचं?’ मग जो हशा पिकला, सुपरवायझर धावत आला आणि मान फिरवून तसाच परत गेला. तेव्हापासून त्या वस्तूचं नाव झबलं आणि माझं झबलंवाली.

झबलं सगळ्यांना आवडतं असं मी म्हणणार नाही. कोणी म्हणते बघूनच हसू येतं, कोणी म्हणते आवाज होतो, रेडिओ लावावा लागतो. एकीच्या नवऱ्यानं खिडकीतून भिरकावलं. आणि काही जणी काही न बोलता पुन्हा येऊन मूठभर घेऊन जातात. मी त्यांना खोटं सांगत नाही. दर वेळी, नीट वापरलं तरी वर्षात शंभरातल्या पाच जणींना दिवस जातातच. हयगय केली तर वीसेक जणींना. पुरुषांच्या कंडोमपेक्षा हे थोडं कमीच पडतं. पण तो खिशातच राहिला तर त्याचा उपयोग किती?

आणि आता हेही बंद होणार. मुख्य ऑफिसनं कारखान्यात पाहणी केली. सुपरवायझर बाजूला उभा असताना एक कोवळी मुलगी एकेकीला विचारत गेली, आवडलं का? सगळ्या म्हणाल्या, नाही. निष्कर्ष निघाला, बायकांना हे पसंत नाही, पुढचा माल पाठवू नये. कपाटात आता तळाची काही पाकिटं उरली आहेत.

रजेचं तेवढं कळव. लगेच.

बारकी

१५ जून

दादा,

तुझं उत्तर नाही. आता मी जे लिहिणार आहे ते वहिनीला विचारून लिहिते आहे. खोलीचं दार लाव आणि बसून वाच.

मागच्या पत्रात मी वहिनी भेटली असं लिहिलं, कुठे ते लिहिलं नाही. ती केंद्रावर आली होती. इतर बायकांसारखी बाकावर बसली, नंबर आल्यावर पडदा सारून आत आली आणि माझ्या टेबलासमोरच्या स्टुलावर टेकली. मला वाटलं, लेकीला बरं नाही. तर ती म्हणाली, ‘वन्सं, झबली संपत आलीत म्हणे. मला उरलेली सगळी द्या.’

माझ्या डोक्यात काय आलं असेल ते तुला कळेल. तू वर्षातून एकदा येतोस. नवरा लांब असलेल्या बाईला मूठभर नव्हे, कपाटभर हवीत. मी तिच्याकडे बघितलं ते नणंद म्हणून, आणि ती नजर तिनं ओळखली. तिचा चेहरा असा झाला की जणू मी तिच्या थोबाडीत मारली. ‘तसं नाही,’ एवढंच म्हणाली आणि उठून गेली. तिचं तसं नाही, म्हणजे मग भीती तुझ्याकडूनच, असं मनात आलं, म्हणून दुसऱ्या दिवशी तुझी तब्येत विचारणारं पत्र लिहिलं.

परवा मी तिच्या घरी गेले. लेक शाळेत होती. वहिनीनं कारखान्यातून आणलेल्या कॉलरी मशीनवर उलटत उलटत, माझ्याकडे न बघता, सगळं सांगितलं. मी तिच्याच शब्दांत लिहायचा प्रयत्न करते, माझे शब्द आता भरवशाचे नाहीत.

मागल्याच्या मागल्या रजेत तुझ्या दाढीच्या पेटीचं अस्तर सुटलं होतं. ते शिवायला म्हणून तिनं पेटी घेतली. अस्तराखाली गोळ्यांची पट्टी होती. तिला वाटलं रक्तदाबाची असेल, तू कोणाला काळजी नको म्हणून लपवत असशील. एक गोळी कापून ती कोपऱ्यावरच्या औषधवाल्याकडे घेऊन गेली, म्हणजे तीच गोळी आणून घरात ठेवता येईल. तुला सोय व्हावी म्हणून, दादा. औषधवाल्यानं गोळी पाहिली, तिच्याकडे पाहिलं, गिऱ्हाईक जाऊ दिलं आणि हळूच विचारलं, ही कोणाची. ती म्हणाली, रस्त्यात सापडली. मग त्यानं सांगितलं, ही एचआयव्हीची आहे.

ती म्हणते, पुढे घरी कशी आले ते आठवत नाही. आठवतं ते एवढंच, की तू लेकीची सायकल दुरुस्त करत दारात बसला होतास आणि तिला म्हणालास, चहा टाक.

तिनं चहा टाकला.

मी विचारलं, तू त्याला जाब का नाही विचारलास? ती म्हणाली, विचारलं असतं तर दोनच गोष्टी झाल्या असत्या, त्यांनी नाही म्हटलं असतं किंवा हो. दोन्हींनंतर काय करायचं ते मला ठाऊक नव्हतं. मी म्हटलं, मग निदान त्याला कंडोम वापरायला सांगायचंस. तर म्हणाली, ‘तो त्यांनी घालायचा असतो, वन्सं. त्यांनी घातला म्हणजे त्यांनी कबूल केलं. मी मागितला म्हणजे मी आरोप केला. झबलं माझं मी घालत होते. त्यात कोणाला काही बोलावं लागत नव्हतं.’ आजवर ती कारखान्यातल्या मैत्रिणीकरवी मागवून घेत होती, म्हणून मला पत्ता नव्हता.

मी कारखान्यात पिशवी नाचवून दाखवली, बायका हसून लोळल्या, तेव्हा वहिनी मागच्या बाकावर डबा खात होती. ती हसली नाही हे मला दिसलं होतं. मला वाटलं, तुझ्यासारखीच तिलाही माझी लाज वाटते.

तुला तिनं काय सांगितलं ते तुला आठवत असेल. गर्भाशयाच्या तोंडाला सूज आहे, डॉक्टरीणबाईंनी आत हे बसवायला सांगितलंय. तू म्हणालास, ‘बरं.’ पुढच्या रजेत पुन्हा तेच, अजून सूज आहे. तू पुन्हा म्हणालास, ‘बरं.’ वहिनी म्हणते, ‘दोन्ही रजांत त्यांनी एकदा विचारलं नाही, दुखतं का, औषध काय, कधी उतरेल. बायकोला एवढी वर्षभर सूज आहे आणि नवरा विचारत नाही. त्यावरून मला कळलं की त्यांना कळलंय.’

मी रोज असल्या गोष्टी ऐकते, दादा. माझं कामच ते आहे. पण त्यात नवरा हा कोणीतरी नवरा असतो, माझा भाऊ नसतो.

आणखी एक. पट्टी सापडल्यापासून, दोन्ही रजांत, ती अस्तराखाली रोज बघत होती. तिनं कापलेली सोडली तर तू जाईपर्यंत त्यातली एक गोळी हलली नाही. म्हणजे तिला दिसू नये म्हणून तू घरी असताना गोळ्या बंद ठेवत होतास. तुला कोणी सांगितलं नाही का, की गोळ्या रोज न चुकता घेतल्या तर विषाणू इतका दबतो की बायकोलासुद्धा जात नाही, आणि खाडे केले की पुन्हा उसळतो? तू नेमका तिच्याजवळ येतानाच तिला असणारं संरक्षण काढून टाकत होतास. हे वाक्य मी तीनदा लिहिलं आणि खोडलं. शेवटी आहे तसंच ठेवते.

आज, आत्ता, गोळी घे. मग माझ्यावर काय रागवायचं ते रागव.

बारकी

२२ जून

दादा,

वहिनीनं आजवर तपासणी केली नव्हती. गोळी सापडायच्या आधीच्या सगळ्या रजांत झबलं नव्हतं, काहीच नव्हतं. हे ठाऊक असूनही ती तपासायला गेली नाही. मी रागावले तर म्हणाली, माझ्यात असतं तर लेकीकडे बघून रोज रडले असते, कॉलरी कोणी शिवल्या असत्या?

शेवटी काल मी तिला घेऊन गेले. आमच्या केंद्रावर नाही, तिथे सगळ्या ओळखीच्या. दुसऱ्या दवाखान्यात. वाट बघताना भिंतीवरच्या घड्याळाखाली आम्ही दोघी बसलो होतो. तेव्हा तिनं ते सांगितलं जे घरी सांगितलं नव्हतं. गेल्या रजेत एकदा कडी वाकडी बसली आणि झबलं आत गेलं, तू बाजूनं आलास. तिला लगेच कळलं. तुला थांब म्हणायला तोंड उघडलं आणि शब्दच फुटला नाही.

मी बायकांना शंभरात पाच, शंभरात वीस असं पाढे म्हटल्यासारखं सांगत असते. कडी नीट बघा, हातानं चाचपून बघा, घसरली तर थांबा आणि दुसरं घ्या, असंही सांगते. थांबा म्हणता येत नसेल तर काय करा, हे मी कधी कोणाला सांगितलं नाही. मला कोणी शिकवलंच नव्हतं.

तंत्रज्ञ बाईनं आत बोलावलं. निकाल चांगला आहे. वहिनीला लागण नाही.

मी रडले. ती रडली नाही. तिनं तंत्रज्ञ बाईला विचारलं, नावांची अदलाबदल तर नाही ना झाली? मग पदरानं बोट पुसलं, सुई टोचलेलं, आणि म्हणाली, अर्धी पाळी अजून मिळेल, निघते मी. आणि खरंच कामावर गेली.

ती कशानं वाचली? मी डॉक्टरीणबाईंना नाव न घेता विचारलं. त्या म्हणाल्या, गोळ्या घेत असलेल्या दिवसांचा परिणाम, त्या पिशवीचा परिणाम आणि नशीब. किती वाटा कोणाचा, कोण सांगणार. नशिबाचा वाटा कमी करणं एवढंच आपलं काम.

तू कुठून आणलंस ते मी विचारणार नाही. तो हक्क वहिनीचा.

बारकी

६ जुलै

दादा,

तुझं पत्र मिळालं. चार ओळी.

मला वाटलं होतं तू नाकबूल करशील. शिव्या देशील, कोणी भडकवलं म्हणून विचारशील. त्याची उत्तरं मी रचून ठेवली होती. तू लिहिलंस ते मात्र भलतंच. ‘तिला कळलंय हे मला तेव्हाच कळलं होतं. ती काही बोलली नाही तेव्हा मला वाटलं तिनं पोटात घातलं. गोळ्या पुन्हा सुरू केल्यात. रजा रद्द केली, मला तोंड दाखवता येणार नाही.’

दादा, तू त्या कडीकडे बघितलंस आणि तुला ती माफी वाटली?

मी पत्र वहिनीला दाखवलं. दाखवू नये असं एकदा मनात आलं, पण लपवाछपवी या घरात पुष्कळ झाली. तिनं उभ्यानंच वाचलं. मग घडी घातली, पुन्हा उघडलं, पुन्हा वाचलं. म्हणाली, ‘पोटात घातलं म्हणे. मी जीव मुठीत धरून निजत होते, आणि ह्यांना शांत झोप लागत होती.’ ती ओरडली नाही. त्या कॉलरींच्या ढिगावरच बसली. लेक शाळेतून आली, आई काय झालं म्हणाली, तर म्हणे काही नाही, बॉबिन अडकलंय.

मी इतकी वर्षं तिला गरीब समजत आले. आपण सगळेच. हिला काय कळतंय, हो ला हो करते, असं. मला आता तिची भीती वाटते, चांगल्या अर्थानं.

झबल्यांचं विचारलं नाहीस, पण सांगते. डॉक्टरीणबाईंनी मला पुन्हा विचारायला सांगितलं, या वेळी पडद्याआड, एकेकीला. पसंत आहे का, असं विचारायचं नाही. गेल्या महिन्यात वापरलं का, आणि का, असं विचारायचं. बहुतेकींनी तरीही नकोच म्हटलं. नवरा चिडतो, बसवता येत नाही, किळस येते. खरी कारणं आहेत, मी काय म्हणणार? पण सुपरवायझरसमोर नाही म्हणालेल्यांतल्या बऱ्याच जणी इथे हो म्हणाल्या. ती काजंवाली जाडी बाई, सगळ्यांत मोठ्यानं हसणारी, तीही. मी म्हटलं, मग पाहणीत आवडलं नाही असं का सांगितलंत? तर म्हणे, ‘खोटं कुठे सांगितलं? छत्री आवडते म्हणून कोणी घेतं का?’

वहिनीनंही पाहणीत नाहीच म्हटलं होतं. ज्यांना ज्यांना सगळ्यांत जास्त गरज होती त्या सगळ्या ‘आवडत नाही’ म्हणून गरजेबद्दल गप्प बसल्या आणि ऑफिसनं त्याचा अर्थ नको असा लावला. तू ज्या चुकीत सापडलास तीच. दुसऱ्या केंद्रातून एक अर्धं खोकं मिळालंय. पुढच्या वर्षीचं कोणी बोलत नाही.

रजा रद्द करून तू काय साधलंस ते मला कळलेलं नाही. वहिनीनं तुला येऊ नको म्हटलं नव्हतं. तिनं काहीच म्हटलं नव्हतं. तू पुन्हा तिच्या गप्प बसण्याचा आपल्याला सोयीचा अर्थ लावलास.

बारकी

१४ जुलै

दादा,

बसून वाच असं आज म्हणत नाही, कारण तुला फार वेळ नाही. गाडीच्या आधी पोचावं म्हणून हे कुरिअरनं पाठवते आहे.

वहिनी येते आहे. तुझ्याकडे. काल संध्याकाळी माझ्या दारात आली ती लेकीचं दप्तर आणि कपड्यांची पिशवी घेऊनच. मला विचारलं नाही, सांगितलं, ‘आठवडाभर ही तुमच्याकडे. मी गोदीवर जाऊन येते.’ तू लग्न झाल्यापासून तिला कधी तिकडे नेलं नाहीस. खोली लहान आहे, पुरुषांची वस्ती आहे, असं सांगत आलास. मी म्हटलं, मी सोबत येऊ का? नको म्हणाली. मी म्हटलं, आधी त्याला फोन करून विचारू या. तिनं माझ्या हातातला फोन काढून घेतला आणि पालथा ठेवला.

ती आली की काय करायचं ते तिनं मला लिहायला सांगितलंय, जसंच्या तसं. तुझ्या गोळ्या टेबलावर ठेव, सगळ्यांना दिसतील अशा. तुझा दवाखाना कुठे आहे तो तिला दाखव. तुझ्या डॉक्टरांशी ती स्वतः बोलणार आहे, तू बाहेर बसायचंस. गेल्या खेपेचं रक्त कधी तपासलं, विषाणू किती आला, ते तिला तुझ्या तोंडून ऐकायचंय. खोलीत एकच खाट असेल तर ती खाटेवर झोपेल. आणि कधीपासून, कुणामुळे, हे ती विचारेल तेव्हा ‘बरं’ म्हणून मान हलवलेली चालणार नाही.

ती तुला सोडायला येते आहे की सांभाळायला, हे मी विचारलं. मला राहवलं नाही. ती म्हणाली, ‘मलाच ठाऊक नाही, वन्सं. आधी भांडून तर बघू दे. आम्ही कधी भांडलोच नाही.’

मी तिच्या पिशवीत पाकिटं ठेवायला लागले. वाटलं होतं, नको म्हणेल, झिडकारेल. तिनं शांतपणे घेतली, चपला ठेवतात त्या कप्प्यात खाली सरकवली. म्हणाली, असू दे. लागतील की नाही ते आता मी ठरवीन, आणि ठरवलं की तोंडानं सांगेन. मी नुसती चेन लावून दिली.

लेक मजेत आहे. तिला सांगितलंय, आई बाबांना भेटायला चालली आहे. खोटं नाही.

गाडी गुरुवारी सकाळी पोचते. वहिनीला तुझा पत्ता पाठ आहे, पण ती शहरात पहिल्यांदाच येते आहे आणि कोणाला विचारत बसणार नाही. आधी येऊन फलाटावर उभा राहा, समोरच, खांबाआड नको. ती तुला शोधणार नाही.

बारकी